स्क्रिप्ट अर्धवट थांबते, वेळेचे आकडे पटत नाहीत: ऑक्टेव्हमधल्या नेहमीच्या बिघाडाची तपासणी

प्रोजेक्टचं सेमिस्टर सुरू झालं की कॉलेजच्या लॅबमध्ये माझ्याकडे एकच दुखणं वेगवेगळ्या नावांनी येतं. ‘सर, रात्री लावून गेलो होतो, सकाळी बघतो तर बंद.’ ‘सर, माझा अल्गोरिदम मित्राच्यापेक्षा दहापट वेगवान निघतोय, पण गाइड मानायला तयार नाहीत.’ ऐकायला या दोन तक्रारी वेगळ्या वाटतात, पण मूळ बहुतेक वेळा एकाच जागी सापडतं.

चुका सांभाळणं आणि वेळ मोजणं ही दोन स्वतंत्र कामं आहेत असं धरून स्क्रिप्ट लिहिली जाते, आणि घोळ तिथेच होतो. जी फेरी मध्येच अडखळते ती काही मिलिसेकंदांत संपते. तिची चूक गुपचूप गिळली आणि तिचा वेळ मात्र सरासरीत धरला, तर सरासरी खाली येते आणि कार्यक्रम वेगवान भासतो. प्रत्यक्षात त्याने काम केलेलंच नसतं. म्हणून फेरी यशस्वी झाली की नाही याची नोंद शेजारी नसेल तर मी वेळेचा आकडा वाचतही नाही.

पुढची सगळी तपासणी ग्नू ऑक्टेव्ह या गणिती आकडेमोडीच्या मोफत सॉफ्टवेअरसाठी आहे. त्याच्याच धाटणीच्या मॅटलॅबमध्ये बहुतेक मुद्दे तसेच लागू पडतात. आज्ञांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं. उदाहरण म्हणून असं काम डोळ्यासमोर ठेवा: तालुकावार पावसाच्या नोंदींच्या शे-दोनशे सीएसव्ही फायली आहेत, प्रत्येक फायलीवर एक समीकरणसंच सोडवायचा आहे, आणि उत्तरासोबत किती वेळ लागला तेही लिहायचं आहे.

लक्षणं

- स्क्रिप्ट सुरूच होत नाही, पहिल्याच क्षणी ‘पार्स एरर’ (कोडच्या व्याकरणाची चूक) येते.
- मधल्या कुठल्यातरी फायलीपाशी थांबते आणि आधीच्या फायलींचे निकालही हाती लागत नाहीत.
- शेवटपर्यंत जाते, एकही तक्रार नाही, पण लागोपाठच्या दोन फायलींची उत्तरं शेवटच्या दशांशस्थळापर्यंत तंतोतंत सारखी.
- उत्तरांत ‘नॅन’ (आकडाच नाही) किंवा ‘इन्फ’ (अनंत) दिसतात, किंवा अशक्य वाटतील इतके मोठे आकडे.
- एकूण लागलेला वेळ तुकड्यांच्या वेळांच्या बेरजेपेक्षा कमी भरतो.
- पहिली फेरी बाकीच्यांपेक्षा बरीच हळू.
- सीपीयूचा वेळ भिंतीवरच्या घड्याळापेक्षा जास्त.
- पडद्यावर बराच वेळ काहीच उमटत नाही, मग सगळं एकदम ओतलं जातं.

यातलं तिसरं लक्षण सगळ्यांत घातक, कारण त्यात कोणालाच काही बिघडल्याचं कळत नाही. त्याच्याकडे येतोच. पण आधी फुकटच्या तपासण्या उरकून घ्या.

फायलीचं नाव आणि कॉपी केलेली चिन्हं

याला दोन मिनिटं लागतात आणि पैसा लागत नाही, म्हणून हे पहिलं. फायलीचं नाव ‘प्रॅक्टिकल-३’ असं आडव्या रेघेसकट ठेवलं असेल तर ऑक्टेव्ह ती रेघ वजाबाकी समजतं. ‘प्रॅक्टिकल’ नावाच्या व्हेरिएबलमधून तीन वजा करायला जातं आणि ‘प्रॅक्टिकल’ अनडिफाइंड आहे म्हणून ओरडतं. नावाची सुरुवात अंकाने झाली किंवा मध्ये मोकळी जागा असली तरीही नावाने हाक मारून फाइल चालत नाही. अंडरस्कोर वापरा. स्क्रिप्टला ‘सम’, ‘प्लॉट’, ‘टेस्ट’ अशी नावं देऊ नका, त्या नावांची फंक्शनं आधीच आहेत आणि तुमची फाइल त्यांच्या आड येते.

दुसरं म्हणजे अवतरणचिन्हं. प्रॅक्टिकलच्या पीडीएफमधून, वर्डमधून किंवा व्हॉट्सॲपवर आलेल्या मेसेजमधून कोड उचलला की सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळलेली चिन्हं येतात आणि उणे चिन्हाच्या जागी लांब रेघ. डोळ्याला फरक फारसा जाणवत नाही, ऑक्टेव्हला मात्र ती चिन्हं कळतच नाहीत. पार्स एररच्या खाली जो टोकदार बाण येतो तो नेमकी जागा दाखवतो. त्या ओळीतली सगळी चिन्हं खोडून हाताने पुन्हा टाइप करा.

ही तपासणी आधी करायची याला आणखी एक कारण आहे. फाइल चालवण्याआधी ऑक्टेव्ह ती पूर्ण वाचून तिचं व्याकरण तपासतं. त्यामुळे शंभराव्या ओळीत कंस राहिला असेल तर पहिली ओळसुद्धा चालत नाही, आणि त्याच फायलीत चुका पकडणारे ट्राय-कॅच कितीही लावले तरी ही चूक पकडली जात नाही. ‘सगळं ट्रायमध्ये टाकलंय तरी बंद पडतंय’ असं कोणी म्हणालं की मी आधी हेच बघतो.

स्क्रिप्टमध्येच वर फंक्शन लिहिलं असेल तर फायलीची पहिली ओळ फंक्शनची नको. नाहीतर ऑक्टेव्ह अख्खी फाइल फंक्शन फाइल समजतं. सर्वांत वर ‘१;’ एवढीच निरर्थक ओळ टाकण्याची जुनी पद्धत आहे, ती पाळा. अंक अर्थातच रोमन.

कोऱ्या ऑक्टेव्हमध्ये चालवून पाहा

ऑक्टेव्ह बंद करा, पुन्हा उघडा, आणि दुसरं काहीही न करता फक्त ही स्क्रिप्ट चालवा. स्क्रिप्टला फंक्शनसारखी स्वतःची वेगळी जागा नसते. ज्या सेशनमध्ये चालते तिथलीच व्हेरिएबल्स ती वापरते. काल दुपारी कमांड विंडोत टाइप केलेलं एखादं व्हेरिएबल आजही तिथेच असतं, स्क्रिप्ट त्याच्या भरवशावर चालते, आणि दुसऱ्याच्या मशीनवर नेली की बंद पडते. ‘माझ्याकडे चालत होतं’ याचा अर्थ दहापैकी बहुतेक वेळा एवढाच असतो.

याच पोटातला एक बिघाड वारंवार दिसतो. बेरीज ठेवायला कोणीतरी ‘सम = ०’ असं लिहितं. पुढे कुठेतरी ‘सम’ फंक्शन म्हणून वापरलं जातं. आता ‘सम’ हे व्हेरिएबल झालेलं असल्यामुळे ऑक्टेव्ह कंसातल्या गोष्टीला इंडेक्स समजतं आणि ‘आउट ऑफ बाउंड’ म्हणतं. माणूस ॲरेचा आकार तपासत बसतो, चूक नावात असते. ‘व्हिच’ या आज्ञेला ते नाव देऊन विचारा. व्हेरिएबल आहे की फंक्शन, ते लगेच सांगेल.

आणि पॅकेज. ऑक्टेव्हमध्ये पॅकेज इन्स्टॉल करणं वेगळं आणि लोड करणं वेगळं. प्रत्येक नव्या सेशनमध्ये ‘पीकेजी लोड’ द्यावं लागतं, म्हणून ती ओळ स्क्रिप्टमध्येच वर लिहा. हे फंक्शन अमुक पॅकेजमध्ये आहे, ते इन्स्टॉल आहे पण लोड केलेलं नाही, असं एरर मेसेज स्वच्छ शब्दांत सांगतो. मेसेज पूर्ण वाचण्याची सवय लागली तर माझ्याकडची गर्दी निम्मी होईल.

मशीन झोपलं होतं का?

लॅपटॉप रात्रभर चालू ठेवला म्हणून तो रात्रभर जागा होता असं नाही. पॉवर सेटिंगमध्ये स्लीप चालू असेल तर तासाभराने तो झोपतो, झाकण उघडलं की उठतो आणि स्क्रिप्ट जिथे होती तिथून पुढे सरकते. टिक (घड्याळ सुरू) आणि टॉक (किती वेळ झाला) ही आज्ञांची जोडी भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे वेळ मोजते, त्यामुळे झोपेचे सहा तासही त्या बिचाऱ्या एका फायलीच्या नावावर जमा होतात. दोनशेपैकी एकाच फायलीला हजारो सेकंद लागल्याचं दिसलं तर अल्गोरिदमवर संशय घेण्याआधी पॉवर सेटिंग बघा. विंडोज अपडेटने मशीन रीस्टार्ट केलं का, तेही बघा. बॅटरीवर चालणारा लॅपटॉप प्रोसेसरचा वेग कमी करतो, म्हणून वेळ मोजताना चार्जर लावलेला हवा.

वीज गेली तर काय, हा प्रश्न आपल्याकडे विचारावाच लागतो. प्रत्येक फायलीनंतर निकालाची एक ओळ डिस्कवर लिहा. ‘सेव्ह’ला ‘-अपेंड’ जोडता येतं, किंवा साध्या मजकूर फायलीत एफप्रिंटएफने एकेक ओळ वाढवत न्या. पुन्हा सुरू करताना ज्या फायलींची ओळ आधीच आहे त्या वगळायच्या. हे एवढं केलं की ‘सकाळी सगळं गेलं’ हे वाक्य कायमचं बंद होतं. ऑक्टेव्ह कोलमडलं तर चालू फोल्डरमध्ये ‘ऑक्टेव्ह-वर्कस्पेस’ नावाच्या फायलीत व्हेरिएबल्स टाकून जायचा प्रयत्न करतं, ती फाइल शोधून बघायला हरकत नाही. पण वीज गेल्यावर तिला वेळच मिळत नाही. तिच्यावर विसंबू नका.

पडद्यावर काहीच उमटत नसेल तर ते बहुधा बफरमध्ये, म्हणजे छापण्याआधीच्या तात्पुरत्या साठ्यात, अडकलेलं असतं. छापण्याच्या आज्ञेनंतर ‘एफफ्लश’ला ‘एसटीडीआउट’ द्या. जुन्या आवृत्त्यांत, म्हणजे ४.४ च्या आधी, आउटपुट पानापानाने दाखवण्याची सोय मुळातच चालू असायची आणि स्क्रिप्ट कोणीतरी कळ दाबण्याची वाट बघत थांबायची. लॅबमधल्या जुन्या मशीनवर अजून तसं दिसतं. ‘मोअर ऑफ’ ही ओळ वर टाकली की झालं.

रिकामा कॅच

इथपर्यंत येऊन काही सापडलं नसेल तर स्क्रिप्टमध्ये ‘कॅच’ हा शब्द शोधा आणि त्याच्या खाली काय लिहिलंय ते बघा. माझ्या अनुभवात खरा बिघाड बहुतेक वेळा इथेच असतो. कॅचखाली काहीच नसतं, किंवा नुसतं ‘कंटिन्यू’ असतं. कोणीतरी कधीतरी ‘स्क्रिप्ट थांबू नये’ म्हणून ते टाकलेलं असतं आणि त्या हेतूपुरतं ते चोख काम करतं.

पण आत काय होतं ते नीट पाहा. एकेचाळिसाव्या फायलीचं उत्तर ‘क्ष’ या व्हेरिएबलमध्ये आलं. बेचाळिसाव्या फायलीत स्तंभ कमी होते म्हणून गुणाकाराच्या ओळीवर ‘नॉनकन्फॉर्मंट’ एरर आली, कॅचने ती गिळली. ‘क्ष’ला नवीन किंमत मिळालीच नाही, त्यात एकेचाळिसाव्या फायलीचंच उत्तर शिल्लक आहे. कॅचनंतर निकाल लिहिणारी ओळ येते आणि ते शिळं उत्तर बेचाळिसाव्या तालुक्याच्या नावावर लिहून मोकळी होते. शेजारच्या दोन तालुक्यांचं उत्तर सारखं आलं तर वाचणाऱ्यालाही फारसं वावगं वाटत नाही. वर टॉकने ०.००२ सेकंद लिहिले आणि सरासरी खाली आली.

यावर उपाय सोपा आहे, फक्त तो दर फेरीत न चुकता करायचा:

फाइल क्रमांक १ पासून शेवटपर्यंत
  उत्तर = नॅन, वेळ = नॅन, स्थिती = "अपूर्ण", कारण = ""
  घड्याळ = टिक
  ट्राय
    फाइल वाचा, आकार तपासा, सोडवा
    वेळ = टॉक(घड्याळ)
    स्थिती = "ठीक"
  कॅच ई
    स्थिती = "चूक"
    कारण = ई.मेसेज
  ट्राय-कॅच समाप्त
  नाव, स्थिती, उत्तर, वेळ, कारण ही एक ओळ फायलीत लिहा

फेरीच्या सुरुवातीला ‘उत्तर’ला नॅन देण्याची ओळ सर्वांत महत्त्वाची. तिच्यामुळे शिळं उत्तर पुढे सरकूच शकत नाही. टॉक मुद्दाम ट्रायच्या आत, काम संपल्यानंतर ठेवला आहे, म्हणजे अडखळलेल्या फेरीचा वेळ नॅनच राहतो. सरासरी काढताना फक्त स्थिती ‘ठीक’ असलेल्या ओळी घ्यायच्या, आणि किती ओळी गळाल्या तो आकडा सरासरीच्या शेजारी छापायचा. ‘दोनशेपैकी १८३ फायली, सरासरी ०.४ सेकंद’ असं वाक्य गाइडसमोर टिकतं. नुसतं ‘०.४ सेकंद’ टिकत नाही.

‘ई’मध्ये मेसेजशिवाय आणखी दोन कामाच्या गोष्टी असतात. ‘आयडेंटिफायर’ ही चुकीची जात सांगते, उदाहरणार्थ ‘ऑक्टेव्ह:अनडिफाइंड-फंक्शन’. मेसेजच्या मजकुरावर स्ट्रिंग जुळवत बसण्यापेक्षा आयडेंटिफायरवर निर्णय घ्या, कारण मेसेजचा मजकूर आवृत्तीनुसार बदलतो. ‘स्टॅक’ फाइल आणि ओळ क्रमांक सांगते, पण वाचण्याआधी ती रिकामी नाही ना ते बघा, नाहीतर कॅचमध्येच दुसरी चूक होते आणि पहिली कायमची हरवते.

कोणत्या चुका गिळायच्या, यावर माझं मत ठाम आहे. डेटातल्या चुका गिळा, कोडमधल्या गिळू नका. एखादी फाइल फाटकी आहे, स्तंभ कमी आहेत, तर नोंद करून पुढे चला. पण अनडिफाइंड फंक्शन आलं तर ते पुढच्या प्रत्येक फायलीत येणार आहे. तिथे ‘रिथ्रो’ करून, म्हणजे पकडलेली चूक पुन्हा बाहेर फेकून, स्क्रिप्ट थांबूच द्या. रात्रभर दोनशे वेळा तीच चूक नोंदवण्यात काय हशील?

एक बारीक गोष्ट: तुम्ही स्वतः ‘एरर’ आज्ञेने दिलेल्या मेसेजच्या शेवटी नवीन ओळीचं चिन्ह असेल तर ऑक्टेव्ह ट्रेसबॅक छापत नाही. ‘ओळ क्रमांक दिसत नाही’ म्हणून कोणी आलं की तिथे बघायचं.

फायली उघडल्या असतील तर त्या बंद करण्याचं काम ट्राय-कॅचवर सोडू नका, ‘अनवाइंड प्रोटेक्ट’ वापरा. त्याचा क्लीनअप भाग चूक झाली तरी आणि कंट्रोल-सी दाबलं तरी चालतो. कॅच मात्र कंट्रोल-सी पकडत नाही. मॅटलॅबमध्ये ही रचना नाही, तिथे ‘ऑनक्लीनअप’ वापरतात.

ज्या चुका चूक म्हणून येतच नाहीत

ट्राय-कॅच निर्दोष आहे, तरी उत्तरं विचित्र आहेत? मग बिघाड असा असणार की ज्यावर ऑक्टेव्ह थांबतच नाही.

शून्याने भागलं तर इन्फ येतो, शून्य भागिले शून्य केलं तर नॅन. दोन्हींत एरर नाही. सिंग्युलर (ज्याचा व्यस्त निघत नाही असा) मॅट्रिक्स उलट्या तिरप्या रेघेने सोडवायला दिला तर ‘सिंग्युलर टू मशीन प्रिसिजन’ अशी फक्त वॉर्निंग येते, आणि हातात काहीतरी उत्तर ठेवलं जातं. वॉर्निंगला कॅच पकडत नाही. दोन मार्ग आहेत. सोपा मार्ग असा: सोडवण्याआधी ‘लास्टवॉर्न’ रिकामा करा, नंतर त्यात काही आलंय का ते बघा. कडक मार्ग म्हणजे ‘वॉर्निंग’ आज्ञेला पहिला शब्द ‘एरर’ आणि दुसरा ‘ऑक्टेव्ह:सिंग्युलर-मॅट्रिक्स’ द्या. मग ती वॉर्निंग एरर बनून येते आणि कॅचमध्ये सापडते. ‘निअरली-सिंग्युलर-मॅट्रिक्स’ची आयडी वेगळी आहे, तीही द्या. सगळ्याच वॉर्निंगना एरर करू नका, किरकोळ सूचनांवरही स्क्रिप्ट अडू लागेल.

एफओपन फाइल उघडू शकला नाही तर एरर देत नाही, उणे १ परत करतो. पुढे लिहायला गेलं की ‘इनव्हॅलिड स्ट्रीम’ अशी भलत्याच ओळीवर तक्रार येते. एफओपननंतर लगेच उणे १ तपासा आणि स्वतःच स्पष्ट शब्दांत एरर द्या.

आता पावसाच्या फायलींकडे येऊ, कारण इथे डोकं लावावं लागतं. आपल्याकडच्या तक्त्यांत पाऊस नसेल तर कोणी शून्य लिहितं, कोणी ‘निरंक’. नोंदच झाली नसेल तर कोणी रकाना मोकळा सोडतं, कोणी ‘नोंद नाही’ लिहितं. तक्ता वाचणारा डीएलएमरीड या चारही गोष्टी एकाच मापाने मोजतो. मोकळा रकाना असो वा अक्षरं, तो आपलं शून्य भरून पुढे जातो. एरर नाही, वॉर्निंग नाही. ‘निरंक’च्या जागी शून्य बरोबरच आहे. पण पर्जन्यमापक बंद होता त्या दिवशीही शून्य भरलं गेलं तर ऐन जुलैत कोरडा आठवडा तयार होतो, आणि पुढचं सगळं गणित त्याच्यावर उभं राहतं. डीएलएमरीडला ‘एम्प्टीव्हॅल्यू’ म्हणून नॅन द्या. मग दोन्ही प्रकार नॅन होतात, निदान दिसतात तरी. ‘निरंक’चे नॅन परत शून्य करायचे की नाहीत, हे मूळ तक्ता उघडून माणसाने ठरवायचं. ते स्क्रिप्टचं काम नाही.

फाइल वाचल्यावर लगेच नॅन किती आहेत ते मोजा आणि तो आकडा निकालाच्या ओळीत टाका. ‘सम’ आणि ‘इझनॅन’ एवढ्या दोन आज्ञा पुरतात.

टिक-टॉक तपासणी

वेळेची तक्रार असेल तर हा भाग. वरची सगळी तपासणी झाल्याशिवाय इथे येऊ नका, चुकीच्या कामाचा वेळ अचूक मोजून उपयोग नाही.

सर्वांत वारंवार सापडणारा बिघाड: कंस आणि व्हेरिएबल न देता लिहिलेला ‘टिक’. असा टिक ऑक्टेव्हमधलं एकमेव सामायिक घड्याळ शून्यावर आणतो. तुम्ही बाहेर टिक केलं, आत एक फंक्शन बोलावलं, आणि त्या फंक्शनच्या लेखकाने त्याच्या सोयीसाठी आत दुसरं टिक टाकलेलं असलं, तर तुमचं घड्याळ तिथून पुन्हा सुरू झालं. बाहेरचा टॉक आता आतल्या टिकपासूनचा वेळ सांगतो. एकूण वेळ भागांपेक्षा कमी येण्याचं कारण हे. टिकचं उत्तर व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि टॉकला तेच व्हेरिएबल द्या, वरच्या आराखड्यात ‘घड्याळ’ त्यासाठीच आहे. मग कोणी आत किती टिक केले तरी तुमच्या मोजणीला धक्का लागत नाही.

पहिली फेरी हळू असते कारण फंक्शनची फाइल डिस्कवरून वाचून समजून घेण्याचं काम पहिल्याच वेळी होतं. डेटाची फाइलही पहिल्यांदा डिस्कवरून येते, नंतर ऑपरेटिंग सिस्टीमच्या कॅशमधून. मोजणीआधी एक फेरी अशीच जाऊ द्या, तिचा वेळ धरू नका. मग काही फेऱ्या घ्या आणि सरासरीऐवजी मध्यक किंवा किमान वेळ सांगा. मध्येच अँटिव्हायरस जागा झाला तर सरासरी बिघडते, मध्यक सहसा बिघडत नाही.

जे काम सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षा कमी वेळात होतं ते एकदा मोजण्यात अर्थ नाही. हजार वेळा करून हजाराने भागा. मोजणीच्या आत काही छापू नका, आलेख काढू नका. आलेखाचा वेळच मोजायचा असेल तर टॉकच्या आधी ‘ड्रॉनाउ’ द्या, कारण प्लॉटची आज्ञा दिली म्हणजे चित्र लगेच रंगवलं जातंच असं नाही. रँडम डेटा वापरत असाल तर ‘रँड’ला सीड (सुरुवातीचा ठराविक आकडा) बांधून द्या. विशेषतः न्यूटनसारख्या पुनरावृत्तीच्या पद्धतीत सुरुवातीचा बिंदू बदलला की फेऱ्यांची संख्या बदलते, आणि तुम्ही दोन वेगळ्याच कामांची तुलना करत बसता.

टॉकच्या जोडीला ‘सीपीयूटाइम’ही घ्या, कामाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, आणि दोन्हींतला फरक टॉकच्या आकड्याशेजारी ठेवा. या जोडीतून बरंच कळतं. दोन्ही जवळपास सारखे असतील तर काम एका कोअरवर सरळ चाललं. सीपीयूचा वेळ जास्त असेल तर घाबरू नका, मॅट्रिक्सचं काम ओपनब्लास ही लायब्ररी अनेक थ्रेड्सवर (एकाच वेळी चालणाऱ्या धाग्यांवर) वाटते आणि सीपीयूटाइम त्या सगळ्यांची बेरीज देतो. दोघांच्या लॅपटॉपवरच्या वेळांची तुलना करायची असेल तर ओपनब्लासच्या थ्रेड्सची संख्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने एकवर बांधा, मगच बोला. सीपीयूचा वेळ फारच कमी आणि टॉकचा भरपूर असेल तर प्रोसेसर वाट बघत बसला होता: डिस्कची, नेटवर्क फोल्डरची, नाहीतर लॅपटॉप झोपला होता.

मग एक साधी पडताळणी. समीकरणांची संख्या दुप्पट केली तर भरीव मॅट्रिक्स सोडवण्याचा वेळ साधारण आठपट व्हायला हवा, कारण काम एन-घनाच्या प्रमाणात वाढतं. मॅट्रिक्स पुरेसा मोठा असूनही वेळ वाढलाच नाही, तर तुम्ही सोडवण्याचा वेळ मोजत नाही आहात, दुसरंच काहीतरी मोजताय.

वेळ खरा आहे पण जास्त आहे, असं ठरलं की ‘प्रोफाइल ऑन’ करून स्क्रिप्ट चालवा, ‘प्रोफाइल ऑफ’ करा आणि ‘प्रोफशो’ बघा. कुठल्या फंक्शनमध्ये वेळ गेला ते यादीत वरच येतं. बहुतेक वेळा गुन्हेगार म्हणजे लूपमध्ये एकेक घर वाढत जाणारा ॲरे. ‘झीरोज’ने आधीच पूर्ण आकार आखून घ्या. प्रोफायलर चालू असताना आलेले आकडे मात्र अहवालात घालू नका, प्रोफायलर स्वतःही वेळ खातो.

मेमरी आणि अडकून बसलेली फेरी

इथून पुढे काम वेळखाऊ आहे. ‘आउट ऑफ मेमरी’ आली तर आधी कागदावर हिशोब करा. डबल प्रकारच्या एका आकड्याला ८ बाइट लागतात, म्हणजे १०,००० गुणिले १०,००० चा एक मॅट्रिक्स ८० कोटी बाइट. अशा तीन-चार प्रती मधल्या गणितात तयार झाल्या की आठ जीबीचं मशीन गुडघे टेकतं. मॅट्रिक्समध्ये बहुतांश शून्यं असतील तर ‘स्पार्स’ वापरा. ही एरर कॅचमध्ये सापडू शकते, पण ऑपरेटिंग सिस्टीमनेच ऑक्टेव्हला मारून टाकलं तर कॅचला काही करता येत नाही.

एखादी फाइल संपतच नाही, तर ट्राय-कॅचचा उपयोग शून्य, कारण चूक झालेलीच नाही. ऑक्टेव्हच्या आत एखाद्या ओळीला वेळेची मर्यादा घालण्याची सोय नाही. ती बाहेरून घालावी लागते. लिनक्सवर प्रत्येक फाइल स्वतंत्र ऑक्टेव्हमध्ये चालवा आणि त्याच्या पुढे ‘टाइमआउट ६००’ लावा. दहा मिनिटांत काम झालं नाही तर ते बंद केलं जातं आणि १२४ हा एक्झिट कोड मिळतो. म्हणजे ‘ठीक’, ‘चूक’ आणि ‘वेळ संपला’ अशा तीन स्थिती नोंदवता येतात. पुनरावृत्तीच्या स्वतः लिहिलेल्या पद्धतींत कमाल फेऱ्यांची मर्यादा आत घाला, हे न सांगता करायला हवं.

इथे थांबा आणि दुसऱ्याला बोलवा

ऑक्टेव्ह एररशिवाय थेट बंद पडत असेल, ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ दिसत असेल, तर स्क्रिप्टमध्ये शोधणं सोडा. बिघाड ऑक्टेव्हमध्ये, एखाद्या पॅकेजमध्ये किंवा ओपनब्लासमध्ये आहे. लॅबच्या सिस्टीम ॲडमिनला आवृत्ती आणि बिघाड दाखवणारा दहा-पंधरा ओळींचा तुकडा द्या. दोनशे फायलींची पूर्ण स्क्रिप्ट पाठवू नका, ती कोणी वाचणार नाही. कॉलेजच्या सर्व्हरवर स्वतः लायब्ररी बदलायला जाऊ नका, तुमच्या एकट्याची स्क्रिप्ट त्याच्यावर चालत नसते.

जड काम लावलं की मशीन आपोआप रीस्टार्ट होतं, किंवा तोच डेटा आणि तोच सीड असताना उत्तरं प्रत्येक वेळी ठळकपणे वेगळी येतात, तर हार्डवेअरवाल्याला बोलवा. रॅम, तापमान आणि पॉवर सप्लाय तपासायला सांगा. शेवटच्या काही दशांशस्थळांचा फरक मात्र अनेक थ्रेड्सच्या बेरजेच्या क्रमामुळेही पडतो, त्यासाठी कोणाला बोलवायची गरज नाही.

तिसरा प्रसंग गणिताचा आहे. ‘कॉन्ड’ने मॅट्रिक्सचा कंडिशन नंबर काढा, म्हणजे डेटातली छोटी चूक उत्तरात किती पट फुगू शकते ते सांगणारा आकडा. डबलमध्ये साधारण १६ अंकांची अचूकता असते, आणि कंडिशन नंबर १० चा १२ वा घात असेल तर त्यातले बारा अंक जाऊन उत्तराचे चारच विश्वासाचे उरतात, तेही डेटा मुळात अचूक असला तर. पावसाच्या मोजणीत तो नसतोच. दहा गुणिले दहाच्या हिल्बर्ट मॅट्रिक्सचा कंडिशन नंबर सुमारे १.६ गुणिले १० चा १३ वा घात आहे, म्हणजे घोळ व्हायला एवढासा मॅट्रिक्ससुद्धा पुरेसा आहे. अशा वेळी वॉर्निंग बंद करणं, सीड बदलणं, वेगळं फंक्शन वापरून बघणं हे सगळं थांबवा. मॉडेलच बदलायला हवं का, हे संख्यात्मक विश्लेषण शिकवणाऱ्या प्राध्यापकांना विचारा. जाताना कंडिशन नंबर आणि तुमच्या निकालाच्या फायलीतल्या ‘चूक’ लिहिलेल्या ओळी सोबत घेऊन जा, पहिला प्रश्न त्यांच्याबद्दलच येईल.